उलटे आटे

मी जन्मभर गावच्या शाळेत मराठी शिकवलं. चूक दिसली की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. दुकानाची पाटी असो, लग्नपत्रिका असो, वर्गणीची पावती असो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. आखाडा बाळापूर गावात लोक मला लांबून येताना पाहून पत्रिका खिशात घालतात, असं आमचे हे म्हणायचे. ‘म्हणायचे’ लिहिते, कारण आता एवढं लांब वाक्य त्यांना जमत नाही.

मागच्या वर्षी त्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पाय पुढे थोडा परत आला, हात नाही आला. बोलणं आलं, पण शब्दांची अदलाबदल होऊन. पाणी हवं असलं की चहा म्हणायचे, मुलाला भाऊ म्हणायचे, आणि डाव्या-उजव्याचा गोंधळ तर रोजचाच. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं की यांच्या डोक्यात सगळं जागच्या जागी आहे, फक्त वेळेवर शब्द हाती लागत नाही. मी मान डोलावली आणि घरी येऊन दुरुस्त्या सुरू केल्या. “चहा न्हाई, पाणी. म्हणा, पाणी.” ते म्हणायचे, मग मी पेला पुढे करायचे. मला वाटायचं, मी त्यांची सेवा करतेय.

आमच्या अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी अमेरिकन मोटार उभी आहे. लांबलचक नाक, गोल मागचा भाग, आणि आत आमचं सगळं घर मावेल एवढी जागा. आमचे हे शेतातल्या इंजिनांचे मिस्तरी. हट्टा गावाकडे एका शेतकऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, इंजिन दुरुस्त करायला गेले होते, तिथे ही गाडी हळदीच्या पोत्यांखाली दिसली. कुण्या जमीनदाराची होती म्हणे, फिरत फिरत तिथे आलेली. यांनी इंजिनाच्या कामाच्या बदल्यात ती मागून घेतली आणि ट्रॅक्टरला बांधून घरी आणली. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी सीट बाहेर काढून काठीनं झोडपली, तर अख्खी गल्ली पिवळी झाली आणि शेजारच्या वहिनी शिंकत शिंकत भांडायला आल्या. तेव्हा मात्र मला हसू आवरेना.

मग कैक वर्षं दर रविवारी हेच चाललं. सुटा भाग मिळाला नाही की हे स्वतः घडवायचे. दाराच्या मुठी तांबटाकडून ओतून घेतल्या, काचेभोवतीचं रबर ट्रॅक्टरच्या ट्यूबमधून कापलं. लकवा मारायच्या आधीच्या हिवाळ्यात इंजिन चालू झालं. त्या दिवशी ते एखाद्या लेकरासारखे घरभर फिरत होते. आता फक्त ब्रेक राहिले होते. त्यासाठी चारही चाकं उतरवायची होती, आणि तेवढ्यात हे अंथरुणाला खिळले. गाडीवर ताडपत्री पडली.

मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं एकच, “आई, ती गाडी भंगारात दे आणि तुम्ही दोघं इकडं या.” हे तो मला सांगायचा. घरी येणारेही मलाच विचारायचे. जेवण जातं का त्यांना? झोप लागते का? माणूस समोर खुर्चीत बसलेला आणि विचारणारे त्याच्या डोक्यावरून माझ्याशी बोलतायत. मीही बिनदिक्कत उत्तरं द्यायचे. घरात या माणसाच्या शब्दाला काही वजन उरलंय का, हा खरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आम्ही सगळ्यांनी मिळून कधीच देऊन टाकलं होतं.

दिवाळी झाली आणि एका सकाळी त्यांनी डाव्या हातानं ताडपत्री ओढून काढली. “चाक,” म्हणाले. शब्द अगदी बरोबर होता. मला इतका आनंद झाला की मी लगेच बाजारातल्या मिस्तरींना बोलावलं. हे मिस्तरी आमच्या यांचे जुने दोस्त, दोघांनी एकाच उस्तादाकडे काम शिकलेलं. मला ते भाबी म्हणतात.

“ब्रेकचंच काम हाय न्हवं भाबी? दोन दिवसांत करून देतो. तुमी काय तकलीफ घेऊ नका,” ते म्हणाले.

पहिल्या दिवशी उजवीकडची दोन्ही चाकं सहज उतरली. दुसऱ्या दिवशी डावीकडचं पुढचं चाक धरलं, तर एकही नट हलेना. मिस्तरींनी डिझेल सोडलं, हातोडीनं ठोकलं, मग पान्याला लांब पाइप लावला. नट खोलायचा म्हणजे उलटं, डावीकडं फिरवायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

हे खुर्चीतून बघत होते. “उलटं,” ते म्हणाले.

“उलटंच फिरवून राहिलोय भाऊ,” मिस्तरी म्हणाले आणि त्यांनी पाइपवर अंगाचा भार टाकला.

“उलटं! उलटं हाय ते!”

“अहो, व्हय, उलटंच चाललंय,” मी म्हटलं.

कडाक आवाज झाला. आम्हाला वाटलं नट सुटला, पण नटासकट बोल्टच तुटून हातात आला होता. मिस्तरींनी गंजाला शिव्या घातल्या आणि दुसरा नट धरला. आता यांचा चेहरा लाल झाला होता. ते शब्द शोधत होते, डावा हात हवेत फिरवत होते. “सुलटं... उजवं... उजवं!”

“उजवी चाकं काल झाली. हे डावं हाय. म्हणा, डावं,” मी म्हणाले.

दुसरा बोल्ट तुटला. यांनी काठी फरशीवर आपटायला सुरुवात केली. मिस्तरी बिचारे घामाघूम झालेले, इकडून काठीचा आवाज, तिकडून “उलटं, सुलटं, उजवं”. तिसरा बोल्ट तुटला तेव्हा माझं डोकं फिरलं.

“बास करा आता!” मी ओरडले. “चाकाचं न्हाई, तुमचंच डोकं उलटं झालंय!”

काठी थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीला धरत धरत घरात गेले आणि रात्री जेवले नाहीत. मिस्तरी हत्यारं गोळा करताना खाली मान घालून म्हणाले, “चूक माझी हाय भाबी, त्यांना काहून बोलल्या?” लाज वाटली की मला आणखी राग येतो, हा माझा जुना दोष. त्याच रागात मी मुलाला फोन केला आणि भंगारवाल्याला पाठव म्हणून सांगितलं. उद्या अकराला येईल, तो म्हणाला.

सकाळी मी चूल पेटवायच्या आधीच शेडमधून लोखंडाचा आवाज आला. हे रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसले होते. उरलेल्या दोन नटांपैकी एकावर पाना चढवलेला, त्याला पाइप लावलेला, आणि डाव्या हातानं जीव खाऊन तो दाबत होते. आवळायच्या बाजूनं.

“अहो, त्या बाजूनं आवळतं,” हे वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं. काल मी जे बोलले होते ते आठवलं म्हणून असेल, मी ते गिळलं. म्हटलं, आवळू दे. माणूस काहीतरी करून राहिलाय, करू दे. मी पुढे झाले, साडी खोचली आणि ते दाबत होते त्याच बाजूनं पाइपवर पाय दिला.

कर्रर्र करत नट फिरला. आधी बोटभर, मग अर्धा, मग सरळ मोकळा झाला. त्यांनी तो बोटांनी फिरवत काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि बोल्टच्या तोंडाकडे बोट दाखवलं. गंज पुसला तर तिथे इंग्रजी एल कोरलेला होता. लेफ्टचा एल.

“डावं,” ते म्हणाले. थोडं थांबले. “उलटं.”

दोन्ही शब्द बरोबर होते. आदल्या दिवशीचेही बरोबर होते. चालता चालता नट ढिले होऊ नयेत म्हणून त्या गाडीच्या डाव्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे दिलेले होते. उलटे आटे आहेत म्हणून सुलटं फिरवा, उजवीकडं फिरवा, एवढं साधं हा माणूस जीव तोडून सांगत होता. आणि मी त्याला डावं-उजवं शिकवत होते.

मी तिथेच चाकाजवळ बसले आणि रडले. गेल्या कितीतरी महिन्यांत यांनी आणखी काय काय बरोबर सांगितलं असेल आणि मी काय काय खोडलं असेल, कोण जाणे. चुकलं माझं, मी म्हणाले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थोपटलं. ग्रीसचा हात होता, केस धुवायला नंतर दोन दिवस गेले.

मुलाला फोन करून भंगारवाल्याला येऊ नको म्हणून कळवायला सांगितलं. तो म्हणाला, “आई, कालच तर तू...” मी म्हटलं, काल मी चुकीचं सांगितलं होतं. माझ्या तोंडून हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असणार.

नऊच्या सुमारास मिस्तरी बिचकत फाटकातून आत आले. सुटलेला नट पाहिला, एल पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. “उस्ताद सांगायचे अशा गाड्यांचं,” ते पुटपुटले, “पण डोळ्यानं कधी बघितलं न्हवतं.” मग तुटलेल्या तीन बोल्टांकडे बघत त्यांनी सवयीनं मला विचारलं, “भाबी, आता हे कसे काढायचे? भाऊ काय म्हणून राहिले?”

“मला काय विचारता मिस्तरी? ते बसलेत की तुमच्यासमोर.”

मिस्तरी ओशाळले. त्यांच्यापुढे उकिडवे बसले. “बोला भाऊ.”

उत्तर यायला वेळ लागला. एक शब्द आला, तो त्यांचा त्यांनाच पटला नाही. मान हलवून त्यांनी तो परत घेतला आणि दुसरा शोधू लागले. त्यांना कोणता शब्द हवाय, ते मला केव्हाच कळलं होतं. मी तो सांगितला नाही.