हात न हलवता हसणं

मिरजेला वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचो. सुया टोचल्या की वडील डोळे घट्ट मिटायचे, ते चार तासांनीच उघडायचे. शेजारच्या खाटेवर कडेगावकडच्या एक मावशी असायच्या. नाव कधी विचारलं नाही. डाव्या हातात सुया, उजव्या हातात मोबाईल, आणि त्यावर कसले तरी भिकार भुताचे सिनेमे. मुंडकं उडायचं, रक्ताचं कारंजं छताला लागायचं आणि मावशी हसत सुटायच्या. सुयांचा हात हलला की मशीन बोंबलतं. म्हणून पोट, खांदे, डोक्यावरचा पदर सगळं गदगदायचं, तो हात मात्र दगडासारखा. असं हसणं मी दुसरं पाहिलं नाही.

एकदा न राहवून म्हटलं, "मावशी, इथं नळीतून स्वतःचं रक्त फिरतंय, आणि वर पुन्हा रक्तच बघता?"

"आरं बाबा, ह्ये रगात हाय व्हय? निस्ता रंग! आन् मुंडकं तुटलंय, तरी पोट बग कसं खालीवर हुतंय त्येचं. ह्यात मेलेला बी श्वास घेतोय, म्हून बगते."

मग त्यांनी मोबाईल वडिलांकडे वळवला. "दादा, डोळं उघडा. तुमी बी बगा."

थोड्या वेळानं मशीन बोंबललं. सिस्टर धावत मावशींकडे गेली.

हात वडिलांचा हलला होता.