माहेरचा घास

"आधी गोड करू बाई, मग बोलू," म्हणत काकू समोरच्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायच्या. तोंडात खडा असताना माणसाला ओरडता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

परंड्याकडच्या वाशीतल्या आमच्या गल्लीत कुणाकडं काय कार्य आहे, कोण काय आणणार, याच्या याद्या मी करते. साखरपुडा असो की बारसं, पहिलं नाव काकूंचं. आमटी खारट झाली तरी त्यांचं "गोड करून घे", सासू टोचून बोलली तरी "गोड करून घे." तुमच्याही ओळखीत अशी एक बाई असेल, पाहा.

एकदा दोन जावांचं बोलणं बंद झालं. काकूंनी दोघींना एकाच ताटात शिरा वाढला. धाकटी फणफणली, "शिरा खाईन काकू, पण हिच्याशी बोलणार न्हाय."

"नको बोलूस. तेवढा मधला बेदाणा तिच्याकडं ढकल."

बेदाणा सरकला आणि दोघींना हसू आवरेना.

मग काकूंचे यजमान गेले. आमच्याकडं दुखवट्याच्या घरात आपणहून गोडधोड करत नाहीत. बाईच्या माहेरचं माणूस येऊन पुरणपोळीचा घास भरवतं, म्हणजे 'गोड करतं'. त्यानंतर त्या घराला सण सुटतात, त्या बाईला दुसऱ्याच्या कार्यात जाता येतं. काकूंचं माहेर सोनारीचं, माहेरात एक धाकटा भाऊ. तो आलाच नाही.

दिवाळी गेली, पाडवा गेला, पुन्हा दिवाळी आली. समोर बारसं असलं की काकू खिडकीचं एक दार लावायच्या आणि दुसऱ्याच्या फटीतून बघायच्या. चहासुद्धा बिनसाखरेचा.

मी म्हटलं, "मी भरवते घास. किती दिवस कोंडून घेणार?"

"तुम्ही माझ्या माहेरच्या व्हय?"

"रीतच ना? कुणी केलीय ती?"

"केली कुणी का असंना, गल्लीला पाळायला लावली म्याच. तुमच्या जावेचा नवरा गेला, तवा तिला वर्षभर कुठं जाऊ दिलं न्हाय. आता म्या कुठल्या तोंडानं उंबरा ओलांडू?"

शेवटी मी सोनारीला फोन लावला. भाऊ शांतपणे बोलला. "ताई, माझी पोरगी नवऱ्याचा मार खाऊन घरी आली होती. आक्का तवा इथंच होती, तिनंच 'गोड करून घे' म्हणून तिला माघारी धाडली. दुसऱ्यांदा आली ती हात मोडून. आक्काला सांगा, आमच्या घरात गोड शिल्लक न्हाय."

मी तसंच सांगितलं. काकू नुसतं "व्हय" म्हणाल्या.

यंदा थंडीत ती भाचीच आली. सासर कायमचं सोडून आता परंड्यात शिवणकाम करते. मी तिथंच बसले होते. तिनं डबा उघडला, ताटात तूप सोडलेली पोळी ठेवली, घास मोडला.

"आत्या, आबांना सांगून आले न्हाय. पण मी बी माहेरचीच. तोंड उघडा."

मोडलेला उजवा हात नीट वर जात नव्हता. घास खालीच राहिला. काकूंना तो वाकूनच घ्यावा लागणार होता. मला वाटलं, वाकतील. सुटतील एकदाच्या.

काकूंनी घास तिच्या बोटांतून काढून ताटात ठेवला.

"म्या हे खाल्लं तर तुझ्यावर झालं ते गोड व्हतंय का?"

भाचीनं मान हलवली. नाही.

"मग राहू दे."

काकूंनी तिचा हात मांडीवर ओढून घेतला आणि कोपर चाचपलं. "इथं मोडला?"

"जरा वर."

"इथं?"

"व्हय."

"थंडीत दुखतो?"

"लई दुखतो."

काकू तिथं चोळत राहिल्या. ताटातल्या पोळीवरचं तूप थिजून पांढरं झालं.