महापरसादचं नाव घेऊ नये

माझ्या आईनं आयुष्यात एकच नेम मोडला, तोही चांद्याच्या बँकेत, मॅनेजरच्या टेबलासमोर उभं राहून. त्याचा मला आजही अभिमान आहे. त्यावर कोणी तोंड वाकडं केलं, तर या वयातही मी भांडायला उठते.

तेव्हा चंद्रपूरला सगळे चांदाच म्हणत. गडचिरोली त्याच जिल्ह्यात, आणि जिल्हा मध्यप्रदेशात. सरकार नागपुरात बसायचं आणि साहेब लोक हिंदी झाडायचे. आमचं गाव वैनगंगेपल्याड, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथं. कोसभरावर मिशनचा दवाखाना होता, आणि त्यात एक परदेशी नर्स. बर्फाच्या कुठल्याशा देशातून ती तरुणपणी आली आणि इथंच तिचे केस पिकले. गाव तिला मेमबाई म्हणायचं. मी मावशी म्हणायचे, कारण ती माझ्या आईची महापरसाद होती.

महापरसाद म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. आमच्या झाडीपट्टीत दोघांचं फार पटलं की ती मैत्री गावासमोर बांधून टाकतात. जगन्नाथपुरीहून कोणी यात्रेकरूनं आणलेल्या प्रसादाच्या भाताचे वाळके दाणे एकमेकांच्या तोंडात घालायचे, नारळ फोडायचा, लुगडं द्यायचं-घ्यायचं. झालं! मग हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा वरचं. एकीकडे मयत झाली तर दुसरीकडे सुतक. आणि एक नेम पाळायचा. त्या दिवसापासून एकमेकीचं नाव तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची तीही 'महापरसाद' अशीच. नाव घेतलं की नातं सुटलं, असं जुनी माणसं सांगत.

आता माझी आई आणि मेमबाई यांचं पटलं, असं म्हणणं म्हणजे जरा जास्तच झालं. त्या दोघी भांडायच्या. आई गावातल्या अडलेल्या बाया खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, घालून दवाखान्यात न्यायची, आणि बाळंतपण झालं रे झालं की दोघींची जुंपायची. मावशी म्हणायची अंडं द्या, आई म्हणायची पथ्य पाळा. शेवटी बाळंतिणीला दोन्ही मिळायचं आणि ती टुणटुणीत घरी यायची. गावच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "यायचं तोंडबी थकत नाई अन् एकमेकीले सोडतबी नाई. बांधून टाका बाप्पा एकदाच्या!" मोहाच्या झाडाखाली बांधलंही. मिशनच्या मोठ्या साहेबांना ते आवडलं नव्हतं. मावशीनं त्यांना सांगितलं, "मी देव नाई बदलून राह्यलो, भात खाऊन राह्यलो." तिचं मराठी सगळं आमच्या गावातूनच शिकलेलं. पुस्तकी मराठी तिला येतच नसे.

मग मावशीचं निवृत्तीचं वय झालं. मिशनचा कायदा असा, की नोकरी संपली की माणसानं मायदेशी परत जायचं. मोठ्या साहेबांनी जहाजाचं तिकीटही काढून आणलं. माणूस वाईट नव्हता. तिकडे ऊबदार खोली मिळेल, म्हातारपणी बरं, असं त्यांना मनापासून वाटायचं. मावशीचा एकुलता भाऊ केव्हाच वारला होता. ती तिकीट हातात घेऊन आमच्या ओसरीवर आली आणि म्हणाली, "महापरसाद, तिथी मले कोन ओळखते वं? मी कोनासंगं भांडू?"

दुसऱ्या दिवशी आईनं आमच्या परड्यातल्या दोन खोल्या सारवायला घेतल्या.

पण सारवून थोडंच भागतं! मावशी आजवर या देशात राहिली ती मिशनच्या शब्दावर. आता तिला एकटीला राहायचं तर सरकारी परवाना हवा होता. पोलीस कचेरीनं सांगितलं, तिकडून येणारं पेन्शन इथल्या बँकेत तुमच्या नावावर यायला पाहिजे, तशी बँकेची चिठ्ठी आणा, मग परवान्याचं बघू. जुना परवाना होळीला संपत होता. आणि बँक म्हणाली, आमच्या एखाद्या खातेदारानं तुमची ओळख द्यायला हवी. मोठे साहेब ओळख देईनात. चांद्याच्या एका वकिलानं, परदेशी बाईची भानगड नको म्हणून, हात वर केले. राहिली माझी आई. बाबा कोळशाच्या खाणीतल्या अपघातात गेले, तेव्हा भरपाई म्हणून मिळालेले पैसे आईच्या नावावर त्याच बँकेत ठेवलेले होते. चार महिन्यांतून एकदा आई तिथं अंगठा उमटवून यायची.

तर आम्ही तिघी निघालो. मी तेव्हा सातवी पास झालेली, लग्नाची पोरगी. कागद वाचायला म्हणून मला घेतलं होतं. डोंग्यातून वैनगंगा ओलांडली, मूल गावी छोट्या रुळांची गाडी धरली आणि चांद्याला उतरलो. मावशीनं आईनं दिलेलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि वाटेत दोघी खिडकीवरून भांडल्या. दोघींनाही धास्ती होती, म्हणून जरा जास्तच भांडल्या.

मॅनेजर पुण्याकडचा होता. लुगड्यातली गोरी बाई पाहून तो आधी गोंधळला, मग इंग्रजीत सुरू झाला. मावशी म्हणाली, "मराठीत बोला ना जी. माह्या महापरसादले समजलं पायजे." तिचं ते मराठी ऐकून त्याच्या तोंडाचा चंबू झाला. कागद भरून झाले. मग तो आईकडे वळला. म्हणाला, "तुम्ही अंगठेवाल्या, तेव्हा ओळख तोंडी द्यावी लागेल. या बाईंना किती वर्षं ओळखता, आणि यांचं नाव काय, ते माझ्यासमोर सांगा."

"ही माही पोरगी पोटात होती तवापासून ओळखतो," आईनं माझ्याकडे बोट दाखवलं.

"ठीक. आणि नाव?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. घरून निघाल्यापासून सगळ्याचा विचार आम्ही केला होता, याचा नव्हता केला.

"नाव सांगा, बाई."

"महापरसाद," आई म्हणाली.

"अहो, मी नाव विचारतोय. प्रसाद कसला?" बाजूचा कारकून फिदीफिदी हसायला लागला. मी तोंड उघडलं तर मॅनेजर म्हणाला, "तू नाही सांगायचं. तू खातेदार नाहीस." मावशी स्वतः सांगू लागली, तर म्हणाला, "तुमची ओळख तुम्हीच कशी देणार?" मी त्याला रीत समजावून सांगितली. त्यानं ऐकून घेतली, अगदी खोटं कशाला बोलू. पण मान हलवली. "बँकेत असं चालत नाही. इतक्या वर्षांची ओळख आणि नाव सांगत नाही, म्हटल्यावर मला सही करता येणार नाही. जेवणाची सुट्टी होतेय. विचार करून या."

आम्ही जटपुरा दरवाज्याजवळ एका कडुनिंबाखाली येऊन बसलो. भाकरीचं गाठोडं सोडलं, पण कोणी खाईना. मला रडू येत होतं आणि रागही. त्या कारकुनाच्या तर कानाखाली काढावीशी वाटत होती.

मावशीच आधी बोलली. "नको घेऊ नाव. मी जातो जहाजानं. सुटलेलं नातं घेऊन मी तुह्या परड्यात कायले राहू? तिथी गेली तरी तुही महापरसाद म्हनून मरीन ना."

आई तिच्याकडे बघतच राहिली. मग तिचा पारा चढला. माझ्या आईचा राग ज्यानं पाहिला नाही, त्याला सांगून समजायचं नाही. "मरीन म्हने! कुठी मरशीन? तुह्या तोंडात पानी कोन घालन तिथी? तुले मराचंच हाये त माह्यासमोर मर!" दोन टांगेवाले थांबून बघायला लागले. "नातं काय, पुन्हा बांधता येते. तू एकडाव बोटीत बसली, का कोनता दोर टाकून वापस आणू तुले? सांग!"

मावशीनं भाकरीचं गाठोडं पुन्हा बांधलं. त्या दोघींच्या भांडणात तिनं हार मानलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आई उठली, पदर खोचला आणि तरातरा बँकेत शिरली. आम्ही मागून पळालो. मॅनेजर हात पुसत नुकताच येऊन बसला होता. आई टेबलासमोर उभी राहिली, डोळे मिटले आणि तिनं नाव घेतलं. नाव आणि आडनाव, दोन्ही. अख्ख्या बँकेनं ऐकलं.

ते नाव मी इथं लिहीत नाही. जे नाव घेणं आईला इतकं महाग पडलं, ते मी फुकट कशाला घेऊ? पण एवढं सांगते, की ते फार अवघड नाव होतं. मिशनच्या शाळेत शिकलेल्या पोरांनाही ते धड जमायचं नाही. म्हणून तर सगळे मेमबाई म्हणायचे. आणि माझ्या अंगठेबहाद्दर आईनं ते इतकं स्वच्छ उच्चारलं, की मावशी तोंडाला लुगड्याचा पदर लावून रडायला लागली. इतकी वर्षं जे तोंडातून काढलं नाही, ते आईनं मनात किती वेळा म्हटलं असेल! मला आईचा त्या वेळी जो अभिमान वाटला, तसा पुढे माझ्या नवऱ्याचा वाटला नाही की पोरांचा.

मॅनेजरनं सही केली. उठून उभं राहून कागद दिला, हेही सांगायला हवं. कारकून खाली मान घालून लिहीत होता.

बाहेर आल्यावर दोघींना एकमेकींकडे बघवेना. आता त्या एकमेकींच्या कोणीच नव्हत्या. आईनं मला पिटाळलं, "जा, नारळ आन." नारळ मिळाला, पण पुरीचा भात चांद्याच्या बाजारात कुठून आणू? मी इकडे तिकडे बघितलं आणि हातगाडीवरून मुरमुरे घेऊन आले. आई म्हणाली, "हे कायचं वं?" तर मावशी डोळे पुसत म्हणाली, "भाताचेच होयत ना? देव भात पाह्यते, भट्टी नाई पाहात." तिथंच बँकेच्या पायरीवर नारळ फुटला. दोघींनी एकमेकींच्या तोंडात मुरमुरे घातले आणि एकमेकींच्या पाया पडल्या. बँकेचा शिपाई खोबरं मागायला आला, त्यालाही दिलं.

तिथून पोलीस कचेरी. तिथला बाबू हिंदीत विचारायला लागला, "यहाँ कोई रिश्तेदार है?"

"हाये. मी," आई पुढे झाली.

"आप? क्या रिश्ता?"

"महापरसाद," आई म्हणाली, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता पुन्हा नारळ. पण आतल्या खोलीतून पोलिसांचे मोठे साहेब बाहेर आले. रायपूरकडचे होते, पांढऱ्या मिशांचे. "कौन महापरसाद?" त्यांनी विचारलं. आईनं मावशीकडे बोट दाखवलं. साहेबांनी आधी आईला, मग मावशीला हात जोडले आणि म्हणाले, "सीताराम महापरसाद!" त्यांच्याकडेही हीच रीत. बाबूला म्हणाले, "इनसे नाम मत पूछना. कागज में लिखा है, पढ़ लो." आणि नात्याच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, महापरसाद. परवान्यावर शिक्का बसला.

बाहेर पडल्यावर आईनं कपाळावर हात मारला. "आधी या सायबालेच भेटलो असतो त!"

"मंग माहं नाव कवा घेतलं असतं तू?" मावशी म्हणाली. "बरं वाटलं ऐकून."

आई हसली नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "आता नाई घेनार हां. शौक झाला का तुले?"

मावशी आमच्या परड्यात राहिली. दोन खोल्या, एक कोंबड्यांचं खुराडं आणि रोजचं भांडण. परवाना दरसाल वाढवून मिळत गेला. माझं लग्न झालं, मी सासरी गेले. काही वर्षांनी एका हिवाळ्यात निरोप आला, म्हणून मी धावत माहेरी गेले. आई गेली होती. मावशीच्या मांडीवरच गेली. आईच्या तोंडात शेवटचं पाणी मावशीनंच घातलं होतं. बोटीत बसू नको म्हणून जिनं तिला अडवलं, तीच आधी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कोतवाल मयतीची नोंद करायला ओसरीवर आला. नवा होता, परगावचा. मी आत दाराआड होते. मावशी डोक्यावरून पदर घेऊन सुतकाला बसलेली. त्यानं तिलाच विचारलं, "मरनाऱ्या बाईचं नाव काय जी?"

मावशीनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. नाव तिला येत होतं. आता घेतलं असतं तरी हिशोब विचारणारं कोणी उरलं नव्हतं. कोतवालानं पुन्हा विचारलं.

"आमी नाव नाई घेत," ती म्हणाली. "माही महापरसाद होय थे. आतमंदी पोरगी हाये, तिले विचार."