मासळीच्या ढिगावर

मत्स्य विभागाच्या गस्ती नौकेवर सुरक्षारक्षकाची नोकरी पगारासाठी धरतोय, असं मी घरी सांगितलं होतं. खरं म्हणजे मी एका ट्रॉलरच्या मागावर होतो.

त्याआधी अब्बा आणि मी आमच्या छोट्या होडीतून जाळं टाकायचो. एका सकाळी तो ट्रॉलर आमच्या जाळ्यावरून गेला. जाळं फाटलं. अब्बा ओरडले, तेव्हा खलाशी नको असलेली बारकी मासळी समुद्रात ओतत होते. बोटीचा प्रमुख असलेल्या तांडेलानं त्यातलीच एक पाटी उचलली आणि आमच्या होडीत, अब्बांच्या अंगावर रिकामी केली. "घे, तुला पण मासळी!" सगळे हसले. अब्बांच्या दाढीत बोटाएवढे बांगडे अडकले होते. त्यानंतर ते समुद्रावर गेले नाहीत.

ठरावीक मापाहून लहान मासळी धरायला बंदी आहे. पण गस्ती नौका दिसली की ट्रॉलरवाले ती मासळी घाईघाईनं समुद्रात ओततात. मासळी मेलेलीच असते, वर पुरावाही बुडतो. आम्ही पोचेपर्यंत डेक धुऊन लख्ख.

त्या दुपारी लांबवर एका बोटीमागे पक्ष्यांचा थवा घिरट्या घालताना दिसला. बोटीचा रंग मी लगेच ओळखला. आमच्या अधिकारी बाईंना म्हणालो, "मॅडम, उन्हाच्या बाजूनं जाऊया. त्यांचे डोळे दिपतील."

तसंच गेलो. बोटीला बोट लागते न लागते तोच मी उडी मारली. खलाशी फावड्यानं मासळी लोटत होते. मी सरळ ढिगावर जाऊन उभा राहिलो, घोट्यापर्यंत रुतलो.

"आता मला पण लोटा," मी म्हणालो.

तांडेल तोच होता. मी त्याला त्या सकाळची आठवण करून दिली. त्यानं खरंच आठवून पाहिलं.

"असं होतं रे भावा कधीकधी," तो म्हणाला. "कोणाकोणाला लक्षात ठेवायचं?"

तोवर मला नुसता पंचनामा पुरला असता.

मी मोजपट्टी काढली. त्याला उन्हात गुडघ्यांवर बसवलं आणि एकेक मासा त्याच्याच हातानं पट्टीवर ठेवायला लावला. मॅडम म्हणाल्या, "नमुन्यापुरते झाले, बास." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्याचे हात खवल्यांनी भरले, घाम डोळ्यांत गेला. तरी मी म्हणत होतो, "पुढचा." शेवटी मॅडमनीच पट्टी काढून घेतली.

ट्रॉलर मिरकरवाडा बंदरात आणून बांधला. परवाना निलंबित झाला. मालकानं तांडेलाला काढून टाकलं.

घरी अब्बांनी सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं.

"पाया पडला काय?"

"पडला. जेटीवर."

"मग?"

"मी पाय मागे घेतला."

"बरं केलंस," अब्बा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

तांडेल आता जेटीवर बर्फाच्या लाद्या ओढतो. मी मुद्दाम त्या बाजूनं जातो. मॅडम मला म्हणाल्या होत्या, मन मोठं करावं. माझं काही मोठं होत नाही. ट्रॉलरला परवाना परत मिळाला आहे, मालकानं दुसरा तांडेल ठेवला आहे आणि बारकी मासळी अजून ओतली जाते. मालक स्वतः कधी बोटीवर येत नाही. त्याच्यापर्यंत कसं पोचायचं, तेवढंच सध्या माझ्या डोक्यात असतं.