विष नव्हे, हगवण

तीस सालानंतरची ती वर्षं. मुंबईहून जनावरांच्या डॉक्टरकीची परीक्षा देऊन मी नाशिकच्या गुरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. लोक बैल आणत, म्हशी आणत. कुत्रं कुणी आणत नसे. ते आपोआप बरं होई, नाही तर मरे. म्हणून पिंपळगावकडच्या एका विधवा बाईंनी कुत्र्यांसाठी निरोप धाडला, तेव्हा मला नवल वाटलं. सकाळच्या मोटारीनं मी गेलो.

बाई द्राक्षांचा मळा एकट्यानं सांभाळत. राखणीला तीन कुत्री होती. त्यांतलं एक आदल्या दिवशी मेलं होतं. काळा कुत्रा विहिरीपाशी आडवा पडला होता. तांबडी कुत्री उठायची, कुंथायची, थोडं रक्त आणि आव पडली की पुन्हा मटकन बसायची.

"डाक्टर, माझ्या दिरानं इख घातलंय," बाई म्हणाल्या. "एवढं फौजदारापुढं सांगा. बाकी मी बघते."

दीर बांधापलीकडेच राहायचा. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

मी थर्मामीटर लावून पाहिलं. काळ्याला सणसणीत ताप, तांबडीलाही तोच.

"बाई, हे विष नाही."

"एवढ्यात कळलं?"

"कळलं. सोमल घातला असता तर तिन्ही एकदम आडवी झाली असती, आणि असा ताप चढला नसता. ही एकामागून एक पडली. यांच्या पोटात जंतू गेलेत."

"जंत तर समद्याच कुत्र्यांना असत्यात."

"जंत निराळे. हे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. सडक्या मांसातून, घाण पाण्यातून जातात आणि आतडं सोलून काढतात."

"माझ्या कुत्र्यांना भाकर मिळते, ताक मिळतं. सडकं कशाला खातील ती?"

कुत्रं बाहेर काय खातं, हे त्याच्या धन्याला कधीच ठाऊक नसतं. मी ओढ्याच्या कडेनं चालत गेलो. बाभळीखाली एक मेलेलं वासरू पडलं होतं. पोट फाडलेलं, भोवती चिखलात कुत्र्यांचे पंजे. मला वाकलेला पाहून पलीकडून दीर धावत आला. वासरू त्याचंच होतं.

"कशानं गेलं?"

"हगवणीनं, साहेब. आधी पांढरं, मंग रक्त. लय वास. मेलं तसं हितं आणून टाकलं."

बाई माझ्या मागोमाग आल्या होत्या. "म्हंजी यानंच मारली ना माझी कुत्री!"

"मारली नाहीत. वासरू उघड्यावर टाकलं. या दोन्हींत फरक आहे बाई, आणि फौजदारानं विचारलं तर मी तो फरकच सांगेन."

दीर खाली बघत म्हणाला, "वयनी, ठाव असतं तर पुरलं असतं."  बाईंनी फौजदाराचं नाव पुन्हा काढलं नाही. दिरानं कुदळ आणली, खोल खड्डा खणला आणि वर चुना टाकून वासरू पुरलं.

त्या जंतूंना नेमकं मारणारं औषध तेव्हा आमच्याकडे नव्हतं. अंगातलं पाणी टिकवायचं, बाकीची लढाई आतड्यानं लढायची. मी दोन्ही कुत्र्यांच्या कातडीखाली मिठाचं पाणी भरलं, खाणं बंद केलं, उकळून निवलेलं पाणी घोटघोट पाजायला सांगितलं. पुढं तांदळाची पेज. बाईंची धाकटी नात तांबडीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. "हिला लांब ठेवा," मी म्हणालो. "हेच जंतू माणसालाही धरतात." बाईंनी पोरीला उचललं आणि तिचे हात राखेनं खसाखसा घासले.

नाशिकला आल्यावर मी तांबडीच्या विष्ठेचा सोबत आणलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली धरला. काठीसारखे जंतू बुजबुजले होते. पण तसे दिसणारे जंतू धडधाकट कुत्र्याच्या पोटातही असतात; नुसत्या काचेवरून मी निदान केलं नसतं. ताप, एकामागून एक पडणं आणि ते वासरू, हे तिन्ही मिळून माझी खात्री पटली होती. आजही ती पक्की आहे.

काळा गेला. फार उशीर झाला होता. तांबडी वाचली, आणि तिची गोष्ट त्या बाजूला इतकी पसरली की लोक दोरी बांधून कुत्री दवाखान्यात आणू लागले. पुढे बाजारात बाई भेटल्या, तेव्हा मी विचारलं, "दीर बोलतो का आता?"

"तो बोलतो," बाई म्हणाल्या. "मी अजून इचार करतेय."