सुभेदारांची दोन कपाटं

आमच्या सुभेदारांनी उभ्या आयुष्यात एकाही ऐतिहासिक कादंबरीची गोष्ट कुणाला सांगितली नाही. शिफारस मात्र बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांना केली असेल. वाचनालयात कुणी "काहीतरी चांगलं सुचवा" म्हणालं की ते आधी त्या माणसाचीच चौकशी करत. वाचायला कधी बसता? घरात आजारी कोण आहे? रडू आलेलं चालतं का? मग कपाटापुढे जाऊन एक पुस्तक काढत आणि म्हणत, "हे घेऊन जा, फावेल तुम्हाला." आमच्या बडोद्याच्या गुजरातीमिश्रित मराठीत फावेल म्हणजे मानवेल. कशाबद्दल आहे असं विचारलं, तर उत्तर ठरलेलं. घोडे आहेत.

सुभेदारकी खरी त्यांच्या पणजोबांची. ते संस्थानच्या घोडदळात होते. पणतू गोरव्याच्या एका कारखान्यात तयार झालेले सुटे भाग मापून पास-नापास करायचा आणि सायकलवरून घरी यायचा. पण पाठ अशी ताठ की सायकलच घोड्यासारखी दिसे, म्हणून नाव चिकटलं. मापाची सवय मात्र वाचनालयातही सुटली नाही. कुणी पुस्तक अर्धवट परत आणलं की ते लेखकाला बोल लावत नसत, वाचणाऱ्यालाही नाही. "पार्ट खराब नसतो, चुकीच्या जागी बसवलेला असतो," म्हणत आणि दुसरं काढून देत.

आता माझं सांगते. लग्न होऊन मी पुण्याहून इथे आले तेव्हा हे रिफायनरीत होते, आणि मी इतिहासात एम.ए. होते. एम.ए.चं सर्टिफिकेट आणि लग्नाचा शालू एकाच ट्रंकेत होते, आणि दोन्ही मिरवायची संधी काही मिळत नव्हती. ती मिळाली वाचनालयाच्या समितीवर. ऐतिहासिक कादंबऱ्या मी घरी न्यायचे त्या वाचायला नाही, तपासायला. समासात पेन्सिलीने शेरे लिहायचे. 'असे घडलेले नाही.' 'पुरावा काय?' 'हे बोलणे ऐकायला लेखक तिथे होता काय?' वाचनालयाच्या पुस्तकावर लिहू नये ही पाटी भिंतीवर होती. ती माझ्यासारख्या विदुषींसाठी नसावी, असं मी धरून चालले होते.

एवढ्यावर मी थांबले असते तर बरं. पण एका बैठकीत मी ठराव मांडला. माझं तपासणं सोडून तीन वर्षांत जे पुस्तक कुणी नेलं नाही, ते काढून टाकायचं आणि त्या जागी संदर्भग्रंथ आणायचे. ते संदर्भग्रंथ मी सोडून कुणी उघडले नसते, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या लक्षात आली नाही, माझ्या तर नाहीच. या ठरावात भिंतीलगतची दोन कपाटं अख्खी जाणार होती. सगळ्या ऐतिहासिक कादंबऱ्या. ती दोन कपाटं म्हणजे सुभेदारांचा प्राण होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

ते भांडले नाहीत. म्हणाले, "दिवाळीपर्यंत थांबा, वहिनी. तोवर पुस्तकं कुणी नेली नाहीत, तर रद्दीवाल्याला मी स्वतः हाक मारतो."

मी मोठ्या मनाने मुदत दिली. तेव्हा माझं मन फारच मोठं होतं.

पुढचे चार महिने कारखाना सुटला की सुभेदार सायकलच्या कॅरिअरला पिशवी लावून निघत. दमेकरी पोस्टमास्तरांना त्यांनी छोट्या प्रकरणांची कादंबरी दिली, म्हणजे प्रकरणागणिक दम घेता येईल. गोत्रीला, तेव्हा ते गावाबाहेर वाटे, एक सासू आणि सून एकमेकींशी बोलत नसत. त्यांच्याकडे दोन भागांतली कादंबरी नेली. पहिला भाग सासूला दिला, दुसरा सुनेला. महिन्याभरात सुनेला मागचं विचारावं लागलं आणि सासूला पुढचं.

दिवाळीच्या आधी बैठक भरली. मी ठरावाचा कागद घेऊन कपाट उघडलं, तर आत दोन-चार पुस्तकं एकमेकांवर रेलून पडलेली. मला वाटलं, रद्दीवाला घाईने आधीच येऊन गेला. कारकुनाने कार्डांचा गठ्ठा पुढे ठेवला. सगळी पुस्तकं लोकांच्या घरी होती. काही तर तीन-तीन घरं हिंडून आली होती.

हे कसं जमलं ते त्यातलं एक पुस्तक चाळताना कळलं. माझ्या प्रत्येक शेऱ्याखाली कुणी ना कुणी उत्तर लिहिलं होतं. 'तुम्ही तरी होतात का तिथे?' 'बाईंचे बरोबर आहे, पण थोडे पुढे वाचावे.' सुभेदार घरोघरी सांगत फिरले होते की यात एका एम.ए. झालेल्या बाईंनी लेखकाशी भांडण मांडलंय, कोण खरं ते तुम्हीच बघा. गोष्ट न सांगणाऱ्या माणसाने माझी मात्र भरपूर जाहिरात केली होती.

एका पानावर मी लढाईची तिथी चुकल्याचं लिहिलं होतं. त्याखाली कुणा म्हाताऱ्या बाईच्या थरथरत्या अक्षरात होतं, 'अहो, तिचा मुलगा गेला आहे. तिथी काय मोजता?'

त्या बाईला चोख उत्तर द्यायचं म्हणून पुस्तक घरी नेलं. मागचंपुढचं कळावं म्हणून पहिल्या पानापासून बसले. त्या दिवशी आमटी करपली, हे कामावरून येऊन दारात उभे राहिले ते मला कळलं नाही, आणि उत्तर लिहायचं राहूनच गेलं. पुढच्या बैठकीत मी ठराव मागे घेतला. सुभेदारांनी विजयी मुद्रा वगैरे काही केली नाही. "बेसो, वहिनी. चहा सांगितलाय," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून त्या कपाटांपुढे आम्ही दोघं. शिकले मी त्यांच्याकडूनच, आणि वादही त्यांच्याशीच घातले. एकही जिंकले नाही. डोळे गेल्यावर ते करजणला मुलीकडे राहायला गेले, तरी दर गुरुवारी फोन यायचा. तब्येतीची चौकशी नाही. कोण आलं, काय दिलंत?

गेल्या वर्षी मी सांगितलं की एक नवी मुलगी आलीय. इंजिनिअर आहे, गुजराती शाळेत शिकलेली, मराठी एकेक अक्षर लावून वाचते. तिला मी सर्वांत जाड कादंबरी दिली. त्यांनी आधी पानं किती ते विचारलं. मग म्हणाले, "चुकलात, वहिनी. तिला पातळ द्यायला हवं होतं. ती आता पुस्तक परत करायलासुद्धा यायची नाही. एक वाचक घालवलात."

पुढच्या गुरुवारी फोन आला नाही. शनिवारी त्यांच्या मुलीचा आला.

ती इंजिनिअर मुलगी आली दोन महिन्यांनी. दंड भरला आणि पुस्तक टेबलावर ठेवून म्हणाली, "आजी, शेवटची शंभर पानं एका बैठकीत. अजून जाडं आहे?"

सुभेदार चुकले होते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जिंकले होते, आणि सांगायला माणूस नव्हता. म्हणून मी त्या मुलीलाच सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग तिच्या गुजराती वळणाने म्हणाली, "त्यांना स्वतःला जी सगळ्यात आवडायची ने, ती द्या मला."

मी कपाटांपुढे उभी राहिले. वरचा कप्पा पाहिला, खालचा पाहिला. कोणती कुणाला फावेल हे मला त्यांनी पुस्तकागणिक सांगितलं होतं. त्यांची कोणती, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

मग मी माझी आवडती काढून दिली.