कल्हई उडालेलं पातेलं

सेलूच्या निराधार म्हाताऱ्यांच्या आश्रमात मनकर्णा सहा वर्षं स्वयंपाक करत होती. डाळीला एरंडेल चोळायची, ज्वारीत कडुलिंबाचा पाला घालायची. बारा म्हाताऱ्यांचं अन्न डोळ्यांत तेल घालून राखायची. पण निजामाविरुद्धच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर कल्हईवाला गाव सोडून गेला तो गेलाच. कल्हई उडून पितळी पातेली आतून पिवळी पडली. कार्यवाह दिनकरराव म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे. मनकर्णा दर आठवड्याला सांगे, "मानवतच्या बाजारात कल्हईवाला येतोय म्हनं, भांडी धाडा." ते म्हणत, "बघू." दोन वर्षं बघतच होते!

पितृपक्षात जिनिंगवाल्या शेठच्या घरून वडिलांच्या नावानं ताक आलं. मनकर्णानं एकुलत्या एका मडक्यात कढी केली. रात्री निम्मी उरली. पितरांच्या नावाचं अन्न टाकायचं कसं? त्यात नेमका त्याच दिवशी पाण्याचा रांजण फुटला आणि मडकं पाण्याला लागलं. आंबट पितळेत ठेवू नये, ते कळकून विषारी होतं, हे आईनं तिला लहानपणीच शिकवलं होतं. तरी तिनं कढी पातेल्यात ओतली. एका रात्रीत काय होतंय, असं म्हणाली.

सकाळी तिनं ती गरम करून वाढली. आंधळ्या बायनाबाईला रोजच्यासारखं स्वतःच्या हातानं पाजलं. तासाभरात एकेकाला उलट्या सुरू झाल्या.  मनकर्णा पळत सुटली, डॉक्टरला घेऊन आली, घाण काढली, सगळ्या देवांना नवस बोलली. संध्याकाळपर्यंत अकरा जण सावरले. बायनाबाईचे हातपाय मात्र गारच पडत चालले.

मनकर्णानं तिचे पाय छातीशी धरले. "माय, कढी पितळंत कळकली गं. म्याच मारायले तुला!"

"मला पयल्या घोटालाच कळलं व्हतं," म्हातारी पुटपुटली.

"मंग थुकली का न्हाईस?"

"तू पाजायलीस, अन् थुकू कशी? तुला वाईट वाटलं असतं."

बायनाबाई पहाटे गेली. दिनकररावांनी त्याच दिवशी भांडी मानवतला धाडली. आठवड्यानं ती चांदीसारखी लखलखत परत आली. मनकर्णानं पातेल्यात पाहिलं, त्यात तिला तिचं तोंड स्वच्छ दिसलं. तिनं ते पालथं घातलं आणि त्याच्यावर डोकं टेकून ती हंबरडा फोडून रडली.